गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह घरी बदलताना, आणि नळकामाची काही लहान दुखणी

गिझरच्या खालच्या बाजूला, थंड पाण्याच्या तोंडावर बसवलेल्या लहानशा पितळी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागले, की ते कसे थांबवायचे हा प्रश्न बहुतेक घरांत आधी विचारला जातो. खरे तर ते का ठिबकते आहे, हे आधी पाहावे लागते. हा सेफ्टी व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी पाणी बाहेर सोडण्यासाठीच बसवलेला असतो. त्यामुळे काही वेळा त्याचे ठिबकणे म्हणजे तो आपले काम नीट करत असल्याची खूण असते, तर काही वेळा तो खरोखरच निकामी झालेला असतो आणि बदलावा लागतो. हा फरक ओळखता आला आणि हाताशी नट फिरवायचे दोन पाने, टेफ्लॉन टेप व तासाभराची सवड असली, तर हे काम घरच्या घरी नीट करता येते.

आमच्या घरी काही वर्षांपूर्वी असेच ठिबकणे सुरू झाले, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाने व्हॉल्व्हच्या निकासाच्या तोंडावर डाट घट्ट बसवून दिला आणि गळती बंद झाल्याचे सांगितले. आम्हीही त्यावर समाधान मानले. पुढे सुमारे दोन महिन्यांनी एका सकाळी गरम पाण्याच्या बाजूची जोडनळी फुटली आणि बाथरूमभर कढत पाणी पसरले. त्या वेळी आत कोणी नव्हते, म्हणून केवळ नळीच्या खर्चावर निभावले. नळी जुनी झाली असेल, असे आम्हाला आधी वाटले. पण व्हॉल्व्ह काढून पाहिला तेव्हा तो डाट दिसला आणि दाबाला बाहेर पडायला दुसरी वाटच ठेवलेली नव्हती, हे लक्षात आले. तेव्हापासून ओळखीच्या कोणाकडेही गेलो, तरी मी त्यांच्या गिझरखाली वाकून ते तोंड मोकळे आहे ना, एवढे पाहतोच.

या व्हॉल्व्हमध्ये दोन कामे एकत्र असतात. आतली एकमार्गी झडप थंड पाणी गिझरमध्ये जाऊ देते, पण गिझरमधले पाणी उलट नळात येऊ देत नाही. दुसरी झडप स्प्रिंगने दाबून धरलेली असते आणि टाकीतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उघडून थोडे पाणी बाहेर सोडते. पाणी तापले की प्रसरण पावते: २५ अंश सेल्सिअसचे पाणी ६० अंशांपर्यंत नेले, तर त्याचे आकारमान सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमध्ये साधारण २०० मिलिलिटर आणि २५ लिटरच्या गिझरमध्ये साधारण ३५० मिलिलिटर पाणी जादा होते. मागची वाट एकमार्गी झडपेने बंद, पुढची वाट नळ बंद असल्यामुळे बंद, आणि पाणी दाबून लहान होत नाही. तेव्हा एवढ्या पाण्याला बाहेर पडायला हे एकच तोंड उरते. ते बंद केले, तर प्रत्येक वेळी पाणी तापताना टाकी, जोडनळ्या आणि सांधे यांच्यावर अकारण ताण येत राहतो. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिले, तर हाच दाब टाकी फोडू शकतो.

आधी कारण ओळखावे

व्हॉल्व्ह कधी ठिबकतो, हे दोन दिवस लक्ष देऊन पाहावे. गिझर चालू असतानाच थेंब पडत असतील आणि पाणी तापून दिवा बंद झाल्यावर थोड्या वेळात थांबत असतील, तर ते प्रसरणाचे पाणी आहे. त्याला दुरुस्तीची गरज नाही, फक्त निकासाला एक बारीक नळी लावून ती मोरीपर्यंत नेली म्हणजे झाले. गिझर रात्रभर बंद असूनही सकाळी खालची बादली भरलेली आढळत असेल, तर मात्र दोन शक्यता उरतात. एक म्हणजे, झडपेच्या बैठकीवर क्षाराचा किंवा वाळूचा कण अडकून ती पूर्ण मिटत नाही. दुसरी म्हणजे, येणाऱ्या पाण्याचाच दाब फार जास्त आहे. गच्चीवर टाकी असलेल्या दोन-तीन मजली घरात दुसरी शक्यता जवळजवळ सोडून द्यावी; पाण्याच्या दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो आणि हे व्हॉल्व्ह साधारणपणे त्याच्या कितीतरी पट दाबाला, बहुधा ८ बारच्या आसपास, उघडण्यासाठी बनवलेले असतात. उंच इमारतीत दाबाचा पंप बसवलेला असेल, तर मात्र सोसायटीत त्याची चौकशी जरूर करावी.

तिसरा प्रकार अनेकदा नजरेतून सुटतो. पाणी व्हॉल्व्हच्या निकासातून न येता वरच्या किंवा खालच्या आट्यांतून झिरपत असेल, तर व्हॉल्व्ह चांगला आहे आणि फक्त टेप नव्याने गुंडाळण्याची गरज आहे. त्यासाठी व्हॉल्व्ह फडक्याने कोरडा करून त्याच्याभोवती वर्तमानपत्राचा तुकडा फिरवावा. कागद नेमका कुठे ओला होतो, त्यावरून जागा कळते. पाणी गिझरच्या पत्र्याच्या कवचातून किंवा मधल्या झाकणाच्या कडेने येत असेल, तर आतली टाकी गंजली आहे किंवा गॅस्केट गेले आहे. त्या वेळी गिझरचा वीजपुरवठा लगेच बंद करावा आणि जाणत्या माणसाला बोलवावे. हे घरी करण्याचे काम नाही. आणखी एक खूण अशी, की थंड पाण्याचा नळ उघडल्यावर सुरुवातीला कोमट पाणी येऊ लागले, तर एकमार्गी झडप मिटत नाही असे समजावे.

व्हॉल्व्हला लहान खटका असेल, तर बदलण्यापूर्वी एक साधा उपाय करून पाहावा. गिझर बंद करून, त्यातले पाणी थंड झाल्यावर, खाली बादली धरून तो खटका चार-पाच वेळा उचलून सोडावा. जोराच्या धारेबरोबर अडकलेला कण निघून जातो आणि झडप पुन्हा नीट बसते. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा यातच काम भागले आहे.

आमच्या नागपुरात हे दुखणे का वारंवार येते, हेही सांगायला हवे. महानगरपालिकेचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येते, आणि भूपृष्ठावरचे पाणी असल्यामुळे ते तुलनेने हलके असते. परंतु बेसा, बेलतरोडीच्या बाजूला वाढलेल्या अनेक वसाहतींत बोअरचे पाणी वापरात आहे, आणि जुन्या वस्त्यांतही पुष्कळ घरांत बोअरचे पाणी गच्चीवरच्या त्याच टाकीत सोडले जाते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगा मानला आहे. जड पाणी तापले की त्यातला चुना पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने बाहेर पडतो आणि हीटरच्या कॉइलवर, टाकीच्या तळाशी आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर जमतो. त्यातच आपल्याकडे गिझर वर्षातले जेमतेम चार महिने चालतो. ज्या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश तापमान पाहिले, तेथे गिझर मार्च ते ऑक्टोबर चालूही केला जात नाही. आणि इतके महिने न उघडलेली झडप थंडीत पहिल्यांदा उघडली, की पुन्हा तशीच घट्ट मिटेल याची खात्री राहत नाही.

साहित्य आणि खरेदी

नवा व्हॉल्व्ह घेताना जुना काढून बरोबर न्यावा, किंवा तो काढणे शक्य नसेल तर त्याचे जवळून छायाचित्र आणि गिझरवरच्या पाटीचे छायाचित्र न्यावे. घरगुती गिझरचे आटे बहुधा अर्ध्या इंचाचे असतात. तरीही दुकानात जुन्याशी ताडून पाहणे बरे. पाटीवर टाकीचा कमाल दाब लिहिलेला असतो, आणि व्हॉल्व्हवर कोरलेला आकडा त्यापेक्षा मोठा असता कामा नये. इतवारीतल्या लोहा ओळीत हा माल सगळ्या प्रतींचा मिळतो, पण येथे स्वस्ताच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हातात घेतल्यावर फुलासारखा हलका वाटणारा व्हॉल्व्ह घेऊ नये. शक्य असेल तर गिझर ज्या कंपनीचा आहे, तिचाच व्हॉल्व्ह मागावा.

बरोबर १२ मिलिमीटर रुंदीची टेफ्लॉन टेप, जोडनळीत बसणारे दोन रबरी वॉशर, एक पाइप पाना, एक स्क्रू पाना, तारेचा किंवा जुना दात घासण्याचा ब्रश, दोन बादल्या आणि कोरडे फडके एवढे पुरे. जोडनळी चार-पाच वर्षांची झाली असेल, तर ती याच वेळी बदलून टाकावी. गरम पाण्याच्या बाजूला मात्र स्टीलच्या तारेची वीण असलेली, गरम पाण्यासाठी बनवलेली नळीच घ्यावी. पांढरी प्लॅस्टिकची नळी उष्णतेने मऊ पडते.

प्रत्यक्ष काम

सर्वांत आधी गिझर बंद करून त्यातले गरम पाणी वापरून टाकावे, म्हणजे नळातून थंड पाणी येईपर्यंत गरम पाण्याचा नळ चालू ठेवावा. यामुळे पुढे अंगावर पाणी आले तरी भाजणार नाही. त्यानंतर भिंतीवरचा खटका बंद करावा, प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढावा आणि प्लग नसेल तर त्या ओळीचा एमसीबी (वीज-बोर्डावरचा स्वयंचलित खटका) खाली पाडावा. नुसत्या खटक्यावर विसंबू नये, कारण जुन्या वायरिंगमध्ये खटका चुकून न्यूट्रलवर बसवलेला आढळतो आणि तेव्हा बंद केलेल्या गिझरमध्येही वीज असते. घरात इतर कोणी असेल, तर खटक्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी.

आता गिझरकडे येणाऱ्या थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडून पाहावा. धार काही सेकंदांत थांबली, तर कॉक ठीक आहे. बारीक धार चालूच राहिली, तर कॉक पूर्ण मिटत नाही. त्यावर जोर न लावता गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह बंद करावा. अनेक घरांत या गेट व्हॉल्व्हचे चाक गंजून जाम झालेले असते आणि ते नेमके अडचणीच्या वेळी कळते. म्हणून काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच ते फिरवून पाहावे, आणि ते फिरत नसेल तर गच्चीवरची टाकी रिकामी होत आलेली असताना काम हाती घ्यावे.

यानंतरचा भाग नवख्या माणसाला बहुतेक वेळा अनपेक्षित असतो. उभ्या गिझरमध्ये गरम पाणी बाहेर नेणारी नळी टाकीच्या आत वरपर्यंत गेलेली असते, तर थंड पाण्याचे तोंड तळाजवळ असते. त्यामुळे गरम पाण्याचा नळ कितीही वेळ उघडा ठेवला, तरी टाकी रिकामी होत नाही. थंड बाजूचा व्हॉल्व्ह काढला, की मात्र सगळे १५ किंवा २५ लिटर पाणी तेथून खाली येते. जोडनळी सोडताना फक्त नळीतले थोडे पाणी येते, कारण एकमार्गी झडप टाकीतले पाणी धरून ठेवते. त्यावरून टाकी रिकामी झाली असा समज करून घेऊ नये. व्हॉल्व्ह आट्यांवर सैल होऊ लागला की खाली बादली ठेवावी, गरम पाण्याचा नळ बंद करून घ्यावा आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू काढावा. नळ बंद असला की आत हवा जायला वाट नसते आणि पाणी गडगड करत थोडे थोडे येते. एक बादली भरली की दुसरी सरकवावी, आणि सगळी तयारी झाल्यावर नळ उघडून उरलेले पाणी सोडून द्यावे.

व्हॉल्व्ह सोडवताना खालून वर पाहिल्यास तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. येथे दोन पाने लागतात: एकाने गिझरच्या तोंडाची आखूड नळी, पकड मिळत असेल तर, स्थिर धरावी आणि दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवावा. ती नळी आतल्या टाकीला जोडलेली असते, आणि तिच्यावर आडवा जोर आला तर टाकीच्या आतला काचेसारखा लेप तडकू शकतो. तेथूनच पुढे गंज धरतो. व्हॉल्व्ह हलत नसेल, तर सांध्यावर गरम पाण्याचे ओले फडके दहा मिनिटे गुंडाळून ठेवावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. हातोडा मारू नये.

टाकी रिकामी होत असताना पाण्याबरोबर पांढरे पापुद्रे येतील. ते येत असतील तर व्हॉल्व्ह बसवण्याची घाई न करता गरम पाण्याच्या तोंडातून लवचिक नळीने थोडे पाणी आत सोडून टाकी दोन-तीन वेळा खंगाळून घ्यावी. या कामात गेलेली पंधरा मिनिटे वाया जात नाहीत, कारण क्षाराचा थर बसलेली कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते.

आता गिझरच्या आट्यांवरची जुनी टेप आणि क्षार ब्रशने साफ करावेत आणि आटे कोरडे पुसावेत. टेप गुंडाळण्याची दिशा महत्त्वाची आहे: आट्यांच्या तोंडाकडे पाहत, म्हणजे येथे खालून वर पाहत, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली, तर व्हॉल्व्ह चढवताना ती सुटून गोळा होते. बारीक टेपचे दहा-बारा वेढे घ्यावेत, आणि तोंडाकडचा पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे टेपचे तुकडे आत जाऊन झडपेत अडकणार नाहीत. जुने मिस्त्री येथे सुतळी आणि सफेदा वापरतात. लोखंडी पाइपच्या मोठ्या सांध्यांना ते अजूनही उत्तम आहे, पण या लहान व्हॉल्व्हसाठी मी टेपच पसंत करतो.

नव्या व्हॉल्व्हच्या अंगावर बाण कोरलेला असतो. तो बाण गिझरकडे, म्हणजे वर, असला पाहिजे. व्हॉल्व्ह हाताने जेवढा चढेल तेवढा चढवावा आणि मग पान्याने अर्धा ते एक फेरा द्यावा. निकासाचे तोंड खाली किंवा भिंतीच्या बाजूला, वायर आणि सॉकेटपासून दूर वळलेले हवे. ते योग्य जागी येण्यासाठी व्हॉल्व्ह मागे फिरवण्याचा मोह टाळावा. टेप एकदा दाबली गेल्यावर मागे फिरवली, की सांधा गळतोच. तोंड पुढे गेले असेल, तर व्हॉल्व्ह काढून टेप नव्याने गुंडाळावी. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवू नये, हेही लक्षात ठेवावे.

जोडनळीच्या नटात मात्र टेप लागत नाही. तेथे पाणी रबरी वॉशर अडवतो, आटे नव्हे. वॉशर सपाट बसला आहे ना हे पाहून नट हाताने घट्ट करावा आणि पान्याने फक्त पाव फेरा द्यावा; जास्त आवळल्यास वॉशर चिरतो आणि मग लोक त्यावर टेप गुंडाळत बसतात.

गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून अँगल कॉक हळूहळू उघडावा. नळातून आधी हवा, मग हवा-पाणी मिसळून आणि शेवटी अखंड धार येईल. अखंड धार आल्याशिवाय गिझरला वीज देऊ नये, कारण रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते. नळ बंद करून सर्व सांधे कोरडे पुसावेत, खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. कागदावर एकही डाग नसेल, तरच प्लग लावावा. पहिल्या तापवण्यात निकासातून थोडे थेंब आले, तर ते प्रसरणाचे पाणी आहे. निकासाला लावलेली बारीक नळी सतत उताराची असावी, तिचे टोक मोरीवर उघडे दिसत राहावे, आणि ते कधीही बांधू, वाकवू किंवा बुजवू नये.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे

पाणी एखाद्या दिवशी फार कढत आणि दुसऱ्या दिवशी कोमट येत असेल, किंवा तापल्यावरही दिवा बंद होत नसेल, तर दोष थर्मोस्टॅटमध्ये आहे. तो टाकीतल्या नळीत बसवलेला असतो आणि ठरावीक तापमानाला कॉइलची वीज तोडतो. त्याने काम केले नाही, तर त्याहून जास्त तापमानाला वेगळा कटआउट वीज तोडतो. कटआउट एकदा पडला, तर तो पुन्हा बसवून पाहायला हरकत नाही. पण तो वारंवार पडत असेल, तर बटण दाबत राहू नये आणि कोणी त्याची वायर थेट जोडून देतो म्हणाला, तर त्याला ठामपणे नकार द्यावा. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो. त्याचे झाकण उघडून थर्मोस्टॅट बदलणे हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनवर सोपवावे, असे मी आग्रहाने सांगेन. नळाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर त्याच क्षणी एमसीबी पाडावा, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय गिझर चालू करू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा खटका) नसेल, तर तो याच निमित्ताने बसवून घ्यावा.

तापमानाचा खटका ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावा. ६० अंशांचे पाणी थेट अंगावर घेतले, तर काही सेकंदांत भाजते, म्हणून लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या बादलीत आधी थंड आणि मग गरम पाणी घालावे. उन्हाळ्यात गिझर रिकामा करून ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. मला ती योग्य वाटत नाही. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडा पाण्यात बुडालेला असतानाच काम करतो. प्लग काढून टाकी भरलेली ठेवावी आणि दिवाळीच्या आधी एकदा खंगाळून घ्यावी. बोअरचे पाणी असेल, तर तो दांडा दर दोन वर्षांनी तपासून घ्यावा.

ठिबकणारे नळ

नळाची गळती किरकोळ वाटते, पण ती मोजून पाहावी. नळाखाली वाटी ठेवावी. तासाभरात २०० मिलिलिटर पाणी जमले, तर दिवसाला ४.८ लिटर आणि महिन्याला १४४ लिटर पाणी जाते. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या वसाहतीत हा आकडा लहान नाही.

जुन्या, अनेक फेरे फिरणाऱ्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वॉशर असतो. पाणी बंद करून, नळ पूर्ण उघडून, वरचा भाग पान्याने सोडवावा आणि वॉशर बदलावा. नवा वॉशरही महिन्याभरात झिजत असेल, तर आतल्या बैठकीला खाच पडली आहे. तेव्हा नळच बदललेला परवडतो. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसून सिरॅमिकच्या चकत्या असतात, आणि तेथे संपूर्ण स्पिंडल बदलावे लागते. या स्पिंडलांची लांबी, दात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा कंपनीगणिक वेगळी असते. जुने स्पिंडल खिशात घालूनच बाजारात जावे, नाहीतर दोन फेऱ्या ठरलेल्या असतात.

एकाच नळाची धार बारीक झाली असेल, तर तोंडाशी असलेली जाळी काढून, पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून त्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. शॉवरलाही हाच उपाय लागू पडतो. फरशीसाठी आणलेले ॲसिड येथे कधीही वापरू नये. त्याने नळाचा मुलामा जातो, आणि ते चुकून ब्लीचिंग पावडरवर पडले तर क्लोरिन वायू तयार होतो, जो बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतो. सगळ्याच नळांची धार एकाच वेळी गेली असेल आणि टाकी नुकतीच पूर्ण रिकामी होऊन भरली असेल, तर पाइपात हवा अडकली आहे. सर्वांत खालच्या मजल्यावरचे नळ पूर्ण उघडून थोडा वेळ वाहू दिले, की ती बहुधा निघून जाते.

फ्लशच्या टाकीतून भांड्यात पाणी झिरपते का, हे पाहण्यासाठी टाकीत खाण्याचा रंग चिमूटभर टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग दिसला, तर तळाचा रबरी पडदा बदलावा. गच्चीवरच्या प्लॅस्टिक पाइपांना वर्षातून एकदा रंग लावून घ्यावा, कारण उन्हाने ते ठिसूळ होतात आणि मे महिन्यात हात लागताच तुटतात.

टाकीचा बॉल कॉक आणि कूलरचा फ्लोट

गच्चीवरची टाकी भरूनही पाणी वाहत राहत असेल, तर बॉल कॉकचा चेंडू काढून कानाशी हलवून पाहावा. आत पाण्याचा आवाज आला, तर चेंडूला चीर आहे आणि तो पुरेसा तरंगत नाही. फक्त चेंडू बदलून चालते. चेंडू चांगला असेल, तर वॉशर किंवा दांड्याचा वाक पाहावा.

कूलरच्या फ्लोटमध्ये यंत्रणा तीच असते, पण तो प्लॅस्टिकचा आणि लहान असल्यामुळे लवकर बिघडतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो बिघडणे म्हणजे एकतर अंगणभर पाणी किंवा भर दुपारी कोरडा पंप. त्याला हात लावण्यापूर्वी कूलरचा प्लग काढावा. पाण्याने भरलेल्या लोखंडी कूलरमध्ये वीज चालू असताना हात घालणे जीवघेणे आहे, आणि केवळ खटका बंद करणे पुरेसे नाही. फ्लोटची पाण्याची नळी सोडून, आतला नट धरून बाहेरचा नट उघडला की तो निघतो. पांढरा क्षार जमून दांडा अडकत असेल, तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर तो बहुतेक वेळा पुन्हा मोकळा होतो. दांडा मोकळा असूनही पाणी थांबत नसेल, तर आतल्या रबराच्या बोंडाला खड्डा पडलेला असतो. ते बोंड काढून उलट्या बाजूने बसवले, तर तो हंगाम निघून जातो.

परत बसवताना रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला येईल असे पाहावे आणि नट हातानेच घट्ट करावा, कारण पान्याने प्लॅस्टिकचे आटे सहज तुटतात. पाण्याची पातळी पंप पूर्ण बुडेल इतकी, पण टाकीच्या काठापासून किमान चार बोटे खाली ठरवावी. ती ठरवण्यासाठी दांड्याचा स्क्रू फिरवावा लागतो, नसेल तर फ्लोटचे छिद्र बदलावे लागते. जून सरता सरता पाऊस लागून कूलर बंद झाला, की फ्लोट काढून, कोरडा करून, वॉशर आणि नटासह एका पिशवीत घालून पंपालाच बांधून ठेवावा.